हिरवा ठिपका

आज आढावा बैठकीत पडद्यावर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या फायबर इंटरनेटचा नकाशा उघडला तेव्हा जवळजवळ सगळे ठिपके हिरवे, म्हणजे "लाइन चालू" असे होते. मागच्या रांगेतले एक ग्रामसेवक शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचाही ठिपका हिरवाच आहे, पण दाखले काढायला मी अजून मोबाईलचंच नेट वापरतो."

कोणी हसले, कोणी "नोंद घ्या" म्हणाले. ती नोंद घ्यायची कुठे, हाही प्रश्नच होता, कारण आढाव्याच्या फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकानाच नाही.

सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. एवढ्या अवाढव्य कामात किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ठिकाणी यंत्रे बसवली, हे मोजणे त्यामानाने सोपे असते. पण केबल रस्त्याच्या खोदकामात तुटते, वीज जाते, बॅटरी निकामी होते. आमच्या नकाशावर मात्र एकदा हिरवा झालेला ठिपका पुन्हा लाल होण्याची सोयच नाही.

नवा डॅशबोर्ड बनवण्याआधी, लाइन शेवटची कधी चालू होती ती तारीख थेट यंत्राकडून यावी आणि ग्रामसेवकाने केलेली "बंद आहे" ही नोंद वरच्या कार्यालयाला परस्पर पुसता येऊ नये, एवढे तरी व्हावे. तांत्रिकदृष्ट्या यात फारसे अवघड काही नाही. अवघड आहे ते पुढच्या बैठकीत घसरलेली टक्केवारी दाखवणे.

तुमच्या खात्यात असा घसरलेला आकडा जसाच्या तसा वरपर्यंत गेलेला कोणी पाहिला आहे का?