मंडळाची टर्की

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला टर्की या मोठ्या पाखराच्या मेजवानीचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो, आणि गुरुवार म्हटला की मराठी घरात आधी पंचांग बघावं लागतं. कुणाचा दत्ताचा वार असतो, तर एखाद्या वर्षी तो नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघतो. २०१४ साली तसं झालं, २०२२ साली पुन्हा. ज्या घरात घट मांडलाय तिथं टर्की कुठली शिजायला! म्हणून अटलांटाच्या उत्तरेकडच्या आमच्या मराठी मंडळानं मेळाव्यासाठी शुक्रवार पक्का केला. मला मंडळाचा गणपती आवडतो, दिवाळीचा कार्यक्रमही आवडतो. पण मनापासून वाट बघतो ती या शुक्रवारची.

मेळावा कोल्हापूरच्या काकांच्या परसात भरायचा, कारण शेगडी त्यांच्याकडे होती. ही शेगडी म्हणजे बिग ग्रीन एग, अस्सल अटलांटाची. जपानी कामाडो चुलीवरून एड फिशर यांनी १९७४ साली इथंच हा धंदा सुरू केला. जाड सिरॅमिकचं ते हिरवं अंडं हलवायचं तर चार जण लागतात. आमच्याकडे सगळे तिला नुसतं ‘एग’ म्हणतात.

तयारी आठवड्याच्या सुरुवातीलाच लागायची. अठरा पौंडांची गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला चार दिवस तरी घेते. दर चार-पाच पौंडांना एक दिवस, असा हिशेब आहे. मग काकू तिला आतून-बाहेरून मीठ चोळून रात्रभर उघडीच फ्रीजमध्ये ठेवत, म्हणजे कातडी कोरडी होऊन पुढं कुरकुरीत होते. त्यांचं खरं कौशल्य सकाळी दिसायचं. छातीवरच्या कातडीखाली बोटं सरकवून ती कुठंही न फाटता अलगद सोडवायची आणि आत लोण्यात कालवलेलं आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण सारायचं. वरून फक्त मिरपूड आणि तेलाचा हात. लाल तिखट आणि हळद बाहेर लावली तर इतक्या तासांच्या धगीत करपून कडू होते, हे काकूंनी मंडळातल्या प्रत्येक सुनेला आणि जावयाला सांगितलेलं आहे.

काका तोवर कोळशाशी. लाकडाचा ओबडधोबड कोळसाच हवा, आणि पेटवायला रॉकेलसारखं काही ओतायचं नाही, कारण सिरॅमिक तो वास धरून ठेवतं. निखारे फुलले की त्यावर पिकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या एका झाडाच्या, लाकडाचे दोन-तीन तुकडे. आमच्या जॉर्जिया राज्यात पिकानची झाडं उदंड, आणि त्याचा धूर पाखराच्या मांसाला गोडसर लागतो. मग आच थेट लागू नये म्हणून मध्ये सिरॅमिकची जाड तबकडी, तिच्यावर कांदा, गाजर आणि पाणी घातलेला ट्रे, म्हणजे गळणारी चरबी जळत नाही. त्याच्या वर टर्की. ती ठेवण्याआधी अर्धा तास तिच्या छातीवर बर्फाची पिशवी असायची. छाती लवकर शिजते, मांडी उशिरा; छाती थोडी गार ठेवून सुरुवात केली की दोन्ही बरोबर येतात.

यानंतर चार तास करायचं काही नाही, आणि मेळावा खरा तेव्हाच रंगायचा. एगला दोनच भोकं, खाली एक दार आणि वर एक चकती, पण त्यावर किती चर्चा! झाकणावरच्या तापमापकाचा काटा ३२५ फॅरनहाइटवर राहायला हवा. एकदा पुढं गेला की सिरॅमिक धग सोडत नाही, खाली यायला फार वेळ जातो. म्हणून काका २५० पासूनच भोकं बारीक करत आणायचे. नवीन आलेला कुणी उत्साहानं झाकणाला हात घालू लागला की एकदम चार आवाज उठायचे. आधी झाकण दोन बोटं उचलून थांबायचं, आत हवा शिरू द्यायची, मगच उघडायचं. नाहीतर ज्वाळ तोंडावर येते.

जॉर्जिया टेक विद्यापीठात शिकणारी, सुट्टीत घरी जाऊ न शकणारी मुलं हमखास यायची. पहिल्या वर्षी संकोचून बाजूला उभी राहायची. पण चार तास एका शेगडीभोवती उभं राहिल्यावर कुणी परकं राहत नाही. कुणाची नोकरीची काळजी निघायची, कुणाचं सासर आपल्याच गावचं निघायचं. साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या एक आजी शाल पांघरून एगजवळच खुर्ची टाकून बसायच्या. स्वतः माळकरी, पण धगीची जागा सोडायच्या नाहीत, आणि मुलांना ओव्या म्हणून दाखवायच्या.

शाकाहारी पंगत वेगळ्या टेबलावर आणि तितकीच मानाची: मसालेभात, मटकीची उसळ, श्रीखंड. ताज्या क्रॅनबेरीचं लोणचं मात्र दोन्हीकडे. करवंदाच्या लोणच्यासारखंच आंबट-तुरट लागतं ते, आणि टर्कीबरोबर याहून चांगलं काही मी खाल्लेलं नाही.

मांडीत खुपसलेल्या तापमापकाच्या सुईनं १६५ फॅरनहाइट दाखवलं की टर्की बाहेर. मग अर्धा तास तिला हात लावायचा नाही, म्हणजे रस आत मुरतो. काका सुरी घेऊन उभे राहिले की मुलं पाय कुणाला यावर भांडायची, आणि काका पहिला तुकडा त्या वर्षी नव्यानं आलेल्या कुटुंबाला द्यायचे. हाडांचा सांगाडा काकू जपून ठेवत. शनिवारी त्याचा तांबडा रस्सा व्हायचा. अटलांटात मी खाल्लेला सर्वांत चांगला रस्सा तोच.

काका-काकू आता डॅलसला मुलीकडे राहतात. एग इथंच आहे, आणि एके काळी विद्यार्थी म्हणून आलेला एक मुलगा ते सांभाळतो. दर वर्षी शुक्रवारी दुपारी काकांचा व्हिडिओ कॉल येतो. आधी झाकणावरचा काटा दाखवायचा, मग टर्की. त्याला ‘ए बाळा’ म्हणतात आणि विचारतात, “सुई मांडीत कुठं खुपसलीस ते नीट दाखव बघू. हाडाला टेकली असेल तर आकडा खोटा. काढ आणि परत घाल.”