काळ्या आतड्याचा फोटो

मेलॅनोसिस कोलाय, म्हणजे मोठ्या आतड्याचं अस्तर काळं पडणं, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. एंडोस्कोपीच्या खोलीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आतडं काळं दिसतं, डॉक्टर नुसतं "हं" म्हणतात, रिपोर्टात एक ओळ पडते आणि आम्ही पुढच्या पेशंटची तयारी करायला लागतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले. या मावशींच्या बाबतीत मात्र त्या एका ओळीने आणि तिच्या शेजारी छापलेल्या फोटोने जो घोळ घातला, तो अजून डोक्यातून जात नाही.

मावशी साठी ओलांडलेल्या. संडासच्या वेळी रक्ताचे थेंब पडले म्हणून कोलोनोस्कोपीला, म्हणजे नळीने मोठं आतडं आतून बघायच्या तपासणीला, पाठवलेल्या. आल्या त्याच मुळी आत्मविश्वासाने. एरवी पोट साफ करायच्या औषधाबद्दल सकाळी सकाळी शिव्या ऐकायची आम्हाला सवय असते. ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल पाण्यात कालवून दोन ते चार लिटर प्यायचं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी, आणि शेवटचे दोन तास पोटात काही म्हणजे काही नाही. हा दुसरा हप्ता लोक हमखास चुकवतात, कारण त्यासाठी पहाटे उठावं लागतं. "रात्रीच सगळं पाणी पाणी झालं, सिस्टर, म्हणून उरलेलं ओतून दिलं." झालं! मधल्या तासांत लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरतात आणि उजव्या बाजूच्या आतड्यावर त्यांचा थर बसतो. सपाट गाठी नेमक्या तिथेच लपतात. त्या ओतून दिलेल्या औषधापायी डॉक्टर अर्धा वेळ पाणी मारत आणि ओढत बसतात, आणि तरीही "तयारी अपुरी, पुन्हा करावी" असं लिहावं लागतं. लोकांना नळीची भीती वाटते, पण तपासणीचं भलंबुरं ठरतं ते बहुतेक आदल्या रात्रीच.

मावशी म्हणाल्या, "मला त्यात काय त्रास? मी तर रोजच आतडं धुते."

फॉर्मवर त्यांनी चालू औषधांच्या रकान्यात "काही नाही" लिहिलं होतं. हा रकाना मला कधीच पटलेला नाही. ज्या गोष्टीला माणूस औषध मानत नाही, ती तिथे तो लिहीलच कशी? म्हणून मी वेगळं विचारते, "झोपताना काही घेता का?" मग पिशवीतून डबा निघाला. डिटॉक्स पावडर, पूर्ण नैसर्गिक. घटकांत पहिलंच नाव सोनामुखी. एका चमच्यात सेनोसाइड, म्हणजे तिच्यातलं जुलाब करणारं द्रव्य, किती, याचा डब्यावर पत्ता नाही. रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम 3.2, म्हणजे खालच्या मर्यादेच्याही खाली; रोजच्या रेचकाने असं होऊ शकतं. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "येतात ना, पण ते वयामुळे."

सोनामुखीशी माझं वैर नाही. ते चांगलं रेचक आहे, डॉक्टरही देतात, मोजून आणि बेताने. पण या मावशींना मुळात बद्धकोष्ठ नव्हतंच. पावडर सुरू करण्याआधी कसं होतं, ते मी खोदून विचारलं. एक दिवसाआड व्हायचं, मऊ, कुंथायला न लागता. हे अगदी निरोगी आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा एवढी ऐसपैस मर्यादा आहे. कितीदा झालं यापेक्षा कसं झालं याला जास्त अर्थ असतो. पण कुणीतरी त्यांना सांगितलं की रोज झालं नाही तर आत मळ सडतो आणि त्याचं विष रक्तात जातं.

ही कल्पना नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी बड्या बड्या डॉक्टरांचाही त्यावर विश्वास होता. आर्बुथनॉट लेन नावाचा नामवंत ब्रिटिश सर्जन तर बद्धकोष्ठासाठी माणसांचं अख्खं मोठं आतडं काढून टाकायचा. वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरने 1919 मध्ये त्यातली गोम दाखवली. बद्धकोष्ठात डोकं जड होतं, मरगळ येते, हे खरं. पण शौचाला झाल्याबरोबर काही मिनिटांत बरं वाटतं. रक्तात भिनलेलं विष असं मिनिटांत उतरत नाही. त्रास होतो तो गुदाशय ताणल्यामुळे. डॉक्टरांनी हा सिद्धांत तेव्हाच मोडीत काढला. पावडरच्या डब्यांवर तो अजून सुखाने नांदतो आहे.

शिवाय रेचकाची स्वतःची एक चाल असते. सोनामुखीने आतडं एकदा पूर्ण रिकामं झालं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या दिवसांत काही होणारच नाही, कारण आत काही नाहीच. माणसाला वाटतं, बघा, औषध बंद केलं की पोट तुंबतं. मग पुन्हा चमचा, पुन्हा रिकामं. कोलोनोस्कोपीनंतर घरी सोडताना आम्ही प्रत्येकाला बजावतो की दोन-तीन दिवस झालं नाही तर घाबरू नका. मावशींच्या आयुष्यात ते दोन-तीन दिवस कित्येक वर्षं आलेच नव्हते.

तयारी त्यांची खरोखर उत्तम होती. बॉस्टन स्केलवर आम्ही आतड्याच्या तीन भागांना शून्य ते तीन गुण देतो. मावशींना नऊपैकी नऊ. थेंबभर मळ नाही, आणि आतडं काळंकुट्ट. एरवी आतड्याचं अस्तर फिकट गुलाबी आणि ओलसर चमकदार असतं, खाली रक्तवाहिन्यांची बारीक नक्षी दिसते. इथे तपकिरी-काळ्या रंगावर फिकट रेषांची जाळी, सापाच्या कातीसारखी. नळीचा आत वेढा पडू नये म्हणून मी पोटावर दाब देऊन उभी होते. अपेंडिक्सचं तोंड दिसलं, तिथे रंग सर्वांत गडद. डॉक्टरांनी सवयीने पाण्याचा फवारा मारला. पाणी आलं तसं ओघळून गेलं, रंग तसूभर हलला नाही. हलणार कसा? तो वर चिकटलेला नसतो, अस्तराच्या आत असतो. सोनामुखीतल्या अँथ्राक्विनोन गटातल्या रेचक द्रव्यांमुळे अस्तरातल्या काही पेशी वेळेआधी मरतात. त्यांचे अवशेष आपल्याच सफाई करणाऱ्या पेशी गिळतात आणि त्या पेशींत लिपोफसिन हे रंगद्रव्य साठत जातं. काही महिने सतत घेतलं की हे दिसायला लागतं, बंद केलं की साधारण वर्षभरात ओसरतं. त्याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. म्हणजे आतड्यातला तो काळेपणा सफाईच्या औषधानेच आणलेला होता.

परत येताना मोठ्या आतड्याच्या आडव्या भागात एक चार मिलिमीटरची गाठ दिसली. काळ्या अस्तरावर ती फटफटीत पांढरी उठून दिसत होती, कारण गाठीच्या पेशींत हा रंग नसतो. बारीक तारेच्या फासात पकडून ती तिथल्या तिथे काढली. रक्त येत होतं ते मूळव्याधीतून.

इथवर सगळं नीट झालं. गडबड पुढे आहे.

तपासणीआधी मावशींना मिडाझोलाम दिलं होतं. हे औषध झोप आणतंच, पण ते दिल्यानंतरच्या काही काळाची आठवणही धड बसू देत नाही. माणूस डोळे उघडून बोलतो, मान डोलावतो, "समजलं डॉक्टर" म्हणतो आणि घरी गेल्यावर त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. हे आमच्या खोलीत सगळ्यांना पाठ आहे. तरी डॉक्टर राउंडला निघताना, पेशंटला रिकव्हरीत आणून दहा मिनिटं झालेली नसताना सगळं समजावून जातात. त्या दिवशीही तसंच झालं. डॉक्टर बोलले ते बरोबर बोलले, छान बोलले: रंग कसला, पावडर बंद का करायची, पोटॅशियमचं काय. मावशींनी मान डोलावली. फाइलमध्ये "रुग्णास समजावले" अशी नोंद झाली. नातेवाईक तेव्हा बिल भरायच्या रांगेत होते. मावशींच्या हातात रिपोर्ट पडला, त्यावर चार रंगीत फोटो, आणि पहिलाच फोटो काळ्याकुट्ट आतड्याचा. खाली लॅटिन नाव.

गाठीचा रिपोर्ट घ्यायला त्या आल्या तेव्हा खुशीत होत्या. "सिस्टर, बघा किती घाण होती! आमच्या डिटॉक्सच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर मॅडम म्हणाल्या, बरं झालं पुराव्यानिशी दिसलं. आता दोन चमचे घेते." मग मोबाइलवर आणखी फोटो दाखवले. पावडरसोबत आता एक किटही सुरू झालं होतं आणि त्यातून रबरासारखे लांब दोर बाहेर पडत होते. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटलेला थर म्हणे. या फोटोंना मी आता विटले आहे. अशा किटात इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते. दोन्ही पाणी शोषून फुगतात आणि आतड्याच्या आकाराचा साचा होऊन बाहेर येतात. जे विकत घेऊन गिळलं तेच खालून निघतं. मी इतकी आतडी आतून पाहिली, स्वच्छ, अस्वच्छ, सुजलेली, पण भिंतीला चिकटलेला असा थर एकदाही पाहिला नाही. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, त्यावर वर्षानुवर्षं काही चिकटून राहणार कुठे?

मी त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं. बाहेर दोन पेशंट खोळंबले होते आणि डॉक्टर घड्याळ बघत होते, ते मी दिसूनही न दिसल्यासारखं केलं. तपासणीचं रेकॉर्डिंग काढून पाण्याचा फवारा मारतानाचा तुकडा दाखवला. "मावशी, घाण असती तर इथे निघाली असती की नाही?" त्यांनी तो तुकडा तीनदा लावायला सांगितला. मग प्रश्नांची सरबत्ती. चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल घेऊ का? आतड्यात माणसाच्या पेशींच्या दसपट जिवाणू असतात ना? (दसपट नाहीत. 2016 च्या मोजणीनुसार जवळजवळ सारखेच, सुमारे 38 लाख कोटी.) जिवाणू वाढवायचे तर त्यांना खायला घालावं लागतं, आणि त्यांचं खाणं म्हणजे अन्नातले तंतू, फायबर. निरनिराळी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा. एकाच "सुपरफूड"पेक्षा विविधता महत्त्वाची. आठवड्यात तीसहून अधिक प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार जास्त आढळले होते. आणि कॅप्सूलचं म्हणाल तर 2018 मध्ये आलेल्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर त्या घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला होता. मावशींनी गहू आणि दूधही सोडलं होतं, कसलाही त्रास नसताना. का, तर "आतड्याला चिकटतं."

डॉक्टरांनी मग नीट आराखडा लिहून दिला. पावडर आणि किट बंद. पहिले काही आठवडे तेच पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पण रोज एक छोटी मात्रा. तंतू हळूहळू वाढवायचे; एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी सोडून देतो. सकाळी खाल्ल्यानंतर शांतपणे जाऊन बसायचं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं आणि ती वेळ फुकट घालवायची नसते. पायाखाली छोटं स्टूल, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येऊन गुदाशयाच्या शेवटचा कोन सरळ होतो. मोबाइल बाहेर. हे सगळं अर्ध्या पानात मावतं आणि यात विकण्यासारखं काही नाही, म्हणूनच बहुधा त्याचा कुणी ग्रुप काढत नाही.

मावशींनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "पण सिस्टर, आतडं काळं होतं म्हणूनच गाठ दिसली ना? म्हणजे पावडरचा उपयोगच झाला." यावर मला पटकन उत्तर सुचेना, कारण अर्धं खरं होतं. पांढरी गाठ काळ्यावर लवकर दिसते, हे मीच त्यांना पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. मग म्हटलं, गाठ गुलाबी आतड्यातही सापडते, त्यासाठीच तर परत येताना निदान सहा ते आठ मिनिटं घेऊन बघायचं असा नियम आहे. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

उठताना त्यांनी विचारलं, "पावडर सोडली तर वर्षात रंग जाईल म्हणता. मग वर्षाने पुन्हा बघाल ना? मला फोटो हवा. ग्रुपवर टाकेन." डॉक्टरांनी नाही म्हटलं. दहा मिलिमीटरपेक्षा लहान, साधी, एकच गाठ. पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी. निव्वळ रंग बघण्यासाठी कुणी नळी घालत नाही, आणि घालूही नये. वैद्यकीयदृष्ट्या ते बिनचूक आहे. पण त्या ग्रुपवर काळा फोटो अजून आहे, आणि त्याच्या शेजारी लावायला गुलाबी फोटो आम्ही निदान सात वर्षं देणार नाही.

रिकव्हरीतल्या माहितीबद्दल मी इनचार्जना लेखी दिलं आहे: मिडाझोलाम दिलेल्या पेशंटला नातेवाइकाशिवाय काही समजावायचं नाही, आणि काळ्या फोटोखाली लॅटिनऐवजी "हा रंग रेचकामुळे आला आहे, मळ नाही" असं छापायचं. पहिलं मान्य झालं. दुसऱ्यासाठी म्हणे सॉफ्टवेअरवाल्यांना विचारावं लागेल. तोवर मी ती ओळ पेनने लिहिते.