तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता कॉम्प्रेसर घेऊ?

घरच्या खोलीत माइक लावून गाणं रेकॉर्ड करू लागलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. सोबत तीन-चार नावं असतात, त्यातलं एक निवडून द्यायचं असतं. माझं उत्तर ऐकून बहुतेकजण हिरमुसतात: सध्या कोणताच घेऊ नका. तुम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता त्यात तो आहेच. रीपरमध्ये रीआकॉम्प आहे, गॅरेजबँडमध्येही कॉम्प्रेसर आहे. शिकायला तेवढा पुरतो.

कॉम्प्रेसरचं काम तसं सोपं. आवाज एका पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की हा त्याला दाबतो. रेशो ४:१ ठेवला, तर ८ डेसिबल वर गेलेला सूर २ डेसिबलच वर उरतो. मग मेकअप गेन देऊन सगळंच वर उचलायचं. घरच्या रेकॉर्डिंगचं बिंग इथे फुटतं. ६ डेसिबल उचललेत की पंख्याची घरघर, खालच्या रिक्षा, शेजारचा कुकर, सगळं तेवढंच वर येतं. म्हणून आधी पंखा बंद करा, खिडकीला जाड पडदा लावा, मग कॉम्प्रेसरचं बोलू.

आणि माइकपासूनचं अंतर! मुखडा वीतभर अंतरावरून गायलात आणि अंतऱ्यात तार षड्जाला तोंड मागे घेऊन दोन वितींवर नेलंत, तर पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. स्टेजवर मुरलेले गायक हे न सांगता करतात. टेपच्या काळात रेकॉर्ड करतानाच आवाज दाबणं सोयीचं होतं, कारण खाली टेपची खरखर आणि वर आवाज फाटण्याची भीती. आज २४ बिटच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठा सूर उणे १० डेसिबलच्या, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेखाली १० डेसिबलच्या, आसपास ठेवला तरी भरपूर जागा उरते. दाबायचं ते नंतर दाबा. ते पुसता येतं.

गळ्यासाठी सुरुवात अशी करा: रेशो ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) १०० च्या पुढेमागे. मोठ्या सुरांना, आवाज किती दबला ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा ३ ते ६ डेसिबल हलला की थांबा. मग मेकअप असा लावा, की कॉम्प्रेसर चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच मोठा वाटेल. हे टाळलंत तर कान फसतो, कारण जरा मोठं वाजलेलं नेहमी चांगलंच वाटतं.

तबल्याला मात्र अटॅक जपून. १ मिलिसेकंद ठेवलात की चाटेवरचा ‘ना’ बोथट होतो. २०-३० ठेवा, आघात निसटून जाऊ द्या. डग्ग्याची वेगळीच तऱ्हा. ८० हर्ट्‌झची एक लाट साडेबारा मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून झटपट असेल तर कॉम्प्रेसर त्या लाटेच्याच मागे धावतो आणि घुमक फाटते. पेटीला बहुधा काहीच लागत नाही. तानपुरा आणि गळा एकाच कॉम्प्रेसरमधून कधीही नेऊ नका. सूर लागला की तानपुरा दबतो, सूर थांबला की फुगतो. ऐकवत नाही.

विचारणाऱ्यांच्या यादीतली नावं बहुतेकदा जुन्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमधल्या नकला, म्हणजे प्लगिन, असतात. ११७६ हे बिल पुटनम यांनी १९६७ च्या सुमारास आणलेलं यंत्र. त्याचा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो. त्याचं अटॅकचं बटण उलटं आहे, उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो. नवखे इथे हमखास गोंधळतात. एलए-२ए त्याआधीचं. त्यात आवाजाच्या जोरावर एक पट्टी उजळते आणि तो उजेड पडून प्रकाशसंवेदी रोधक आवाज आवरतो. चाल संथ, बटणं मुख्यतः दोन, गळ्याला छान मानवतो. पण दोन बटणांवर अटॅक-रिलीज कळत नाहीत, म्हणून शिकायला साधा, आलेख दाखवणारा बरा. टोकियो डॉन कंपनीचा कोटेलनिकोव्ह फुकट आहे आणि उत्तम आहे.

खरंखुरं लोखंडी यंत्र? दोन इनपुटच्या स्वस्त इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) ते जोडणंच कटकटीचं. तरीही पैसे खर्चायचेच असतील तर एलए-२ए धाटणीचं एक प्लगिन घ्या, आणि नोव्हेंबरातल्या ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबा. तेव्हा ती बरीच उतरतात.