कारचे ब्रेक पॅड घरीच बदलले: माझा अनुभव

पॅड झिजत आले की त्यावर बसवलेली पत्र्याची छोटी जीभ डिस्कला (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला) घासते आणि चाकातून चिरका आवाज येतो. तो इशाराच असतो. आमच्या वॅगनआरला तो आवाज चिखलदऱ्याहून धामणगाव गढीकडे उतरताना सुरू झाला. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास उंचावर आहे. तिथून सपाटीला येईपर्यंत ब्रेकचा काय जीव जातो ते तो घाट चालवणाऱ्याला विचारावं. बाकीचा उतार खालच्या गिअरवर काढला. घरी आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड सुरू होती, गाडी दिवसभर गॅरेजला ठेवायला सवड नव्हती. नट-बोल्ट खोलायचे पाने घरात होते. पॅड आपणच बदलायचे ठरवलं.

परतवाड्याहून पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड आणले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते, म्हणून जोडी एकदमच बदलायची. सोबत ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घेतलं. पॅड पक्क्या बिलाचेच घ्या. दोन पैसे वाचवायची ही जागा नाही.

आमच्याकडची काळी माती वरून कितीही वाळलेली दिसली तरी जॅक तिच्यात रुततो. म्हणून गाडी कोठ्यासमोरच्या सिमेंटच्या कोब्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल केले. चाक अधांतरी असताना जोर लावला तर गाडी हलते. गाडी उचलल्यावर काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवलं. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर टेकेल, हातापायावर नाही.

कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारी पकड. तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर फिरवला आणि तारेनं बांधून ठेवला. त्याचं वजन ब्रेकच्या रबरी पाइपवर येऊ द्यायचं नाही. डावीकडचे दोन्ही पॅड सारखे झिजले होते. उजवीकडे मात्र आतला पॅड एका टोकाला जवळजवळ पत्र्यापर्यंत गेलेला, दुसऱ्या टोकाला त्याच्यावर अजून मसाला (डिस्कला घासणारा थर) शिल्लक. बाहेरचा पॅड तर अर्ध्याहून जास्त बाकी. नुसते नवे पॅड टाकून चाक लावलं असतं तर तेही असेच तिरपे झिजले असते. म्हणून खालची पिन हातानं ओढून पाहिली. हलेचना. पकडीनं गोल फिरवत फिरवत बाहेर काढली तेव्हा कारण कळलं: तिचं रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटलं होतं, पावसाळाभर पांदण रस्त्यावरचा चिखल आत जाऊन पिन गंजली होती. कॅलिपर सरकतच नव्हता, सगळा दाब आतल्या पॅडवर.

डावी बाजू पूर्ण करेपर्यंत चुलतभावानं मोटारसायकलवर जाऊन नवी पिन आणि बूट आणले. मोठेबाबा खाटेवर बसून पाहत होते. त्यांनी ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा पुढे सरकवला.

"हे लाव ना. ट्रॅक्टरले चालते, त्याले काहून नाही चालत?"

"मोठेबाबा, या ग्रीसनं आतलं रबर फुगते. मंग पिन पुन्हा जाम होईन."

त्यांनी डबा उचलून घेतला, पण चष्मा लावून सिलिकॉन ग्रीसच्या ट्यूबवरचं सगळं वाचून काढलं. पिनेला पातळ थर पुरतो. पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचं बोट लागू द्यायचं नाही. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल तर ब्रेकच्या ऑइलजवळही नको, तेही रबर खराब करतं. ब्रेकची काळी धूळ फुंकून उडवू नका, ती छातीत जाते. मी तोंडाला दुपट्टा बांधून ओल्या फडक्यानं पुसली.

नवा पॅड जाड असतो, त्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) मागे ढकलल्याशिवाय कॅलिपर बसत नाही. ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, जुना पॅड पिस्टनवर ठेवला आणि सी-क्लॅम्पनं हळूहळू दाबला. पिस्टन मागे जातो तसं टाकीतलं ऑइल वर येतं. भाऊ तिकडे नजर ठेवून होता. काठोकाठ आलं तेव्हा नव्या कोऱ्या सिरिंजनं थोडं काढून घेतलं. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं, लगेच पाण्यानं धुवावं.

सगळं बसवून चाकं लावली, नट समोरासमोरचे आवळले. आता सगळ्यात महत्त्वाचं: गाडी जागची हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं. पिस्टन मागे गेलेला असल्यानं पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं, ब्रेक लागतच नाही. कडक होईपर्यंत दाबलं, टाकीतली पातळी पाहिली, मग सावकाश गेटपर्यंत नेऊन ब्रेक तपासला.

नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घ्यायचा, हलकेच १०-१५ वर आणायचा, थोडं चालू द्यायची, पुन्हा तसंच. पूर्ण थांबायचं नाही. असं केल्यानं पॅड डिस्कवर नीट बसतात. परत आल्यावर दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहिला. उजवी-डावी सारखीच गरम होती, म्हणजे पिन सरकत होती. नट पुन्हा एकदा आवळले. ऑइल बदलायचं काम मात्र मिस्त्रीसाठी ठेवलंय. त्यात लाइनमधली हवा काढावी लागते, आणि तेवढा भरवसा मला अजून माझ्या हातावर नाही.