तेलकट कपाळ, कोरडे गाल

माझी त्वचा तेलकट, हे आमच्या घरात मी आठवीत असतानाच ठरून गेलं होतं. दापोलीच्या दमट हवेत शाळेतून घरी येईपर्यंत कपाळ चकाकायचं आणि आई म्हणायची, "आधी तोंड धू गं, समई लावता येईल त्या तेलात." मग दिवसातून चारदा साबण, आठवड्यातून तीनदा मुलतानी माती, त्यात लिंबू पिळून. क्रीम कधीच नाही. तेलात आणखी तेल कशाला?

नोकरीसाठी पुण्यात आले आणि पहिल्याच डिसेंबरात गाल तडतडायला लागले. साधं पाणी लावलं तरी चुणचुण. नाकावर मात्र पुटकुळ्या तशाच. मी साबण आणखी वाढवला!

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठीच्या मागे तीन आकडे लिहिले: त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; 7च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण 5, साबणाच्या वडीचा 9 ते 10, लिंबाच्या रसाचा 2च्या आसपास. "रोज किती धक्के देताय बघा," एवढंच म्हणाल्या. वर घरचा अभ्यास दिला.

रविवारी सकाळी तोंड धुऊन काहीही न लावता तासभर बसले. मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर दाबून खिडकीच्या उजेडात धरले. नाकाच्या तुकड्यावर भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग. गालाचा तुकडा कोरा, वर चिकटलेले दोन पांढरे पापुद्रे. म्हणजे त्वचा मिश्र. आणि इतकी वर्षं नाकाची शिक्षा गालांना.

बाईंनी साबण, लिंबू, माती सगळं बंद केलं. सौम्य फेसवॉश फक्त दोनदा; तोंड ओलसर असतानाच ग्लिसरीन आणि सिरॅमाइड (त्वचेत मुळात असणारा, ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेलं मॉइश्चरायझर, गालांवर भरपूर, नाकावर नावापुरतं; सकाळी जेलसारखं एसपीएफ 30चं सनस्क्रीन, दोन बोटांवर लांब रेघ ओढून मावेल तेवढं. (मी आधी वाटाण्याएवढं लावून खूश असायचे.) वरचा थर नवा व्हायला चारेक आठवडे लागतात, तोवर नवीन काही नको, अशी तंबी.

दुसऱ्याच आठवड्यात मी ती मोडली. एक रील पाहिलं आणि 10 टक्के नायसिनमाइडचं (ब-3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरम मागवून थेट तोंडभर फासलं. गाल लालबुंद. ऑफिसात सगळे विचारत होते, उन्हात गेली होतीस का? वस्तू वाईट नव्हती, पण सोललेल्या गालांना ती झेपली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावते, तीन-चार दिवस तिथेच, आणि मगच तोंडाला.

दीड महिन्याने चुणचुण थांबली. नाकावर पाळीच्या आधी एखादी पुटकुळी येतेच, तिच्याशी माझं भांडण नाही. मे महिन्यात दापोलीला गेले की गालांवरचं मॉइश्चरायझरही निम्म्यावर आणते. तिथल्या हवेत एवढं लागतच नाही.

उरलेली मुलतानी माती आईला देऊन टाकली. तिने ती पैठणीवर सांडलेल्या तेलाच्या डागावर भुरभुरवली, रात्रभर ठेवली आणि सकाळी ब्रशने झटकली. डाग गायब.