फॉर्मात नसलेला झरा

मे महिना, मोखाड्याचा डोंगरउतार. वर्षाला 2,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख, आणि पाड्याच्या तोंडाशी टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. मला बोअरचा पॉइंट द्यायचा होता. जमिनीचा विद्युतरोध मोजणारा रेझिस्टिव्हिटी मीटर लावला, चार खुंट्या ठोकल्या, वायर ताणली. उंबराच्या वरच्या अंगाला चाळीसेक मीटर खोल पाणी धरणाऱ्या भेगा असाव्यात, असं रीडिंग सांगत होतं. गाडी यायला रस्ताही जवळ. चुन्याची फक्की टाकायला वाकलो, तेवढ्यात एक वारली आजी येऊन खुंटीपाशी बसली.

"इथं नको पाडू. खालचा झरा मरंल."

साहेबालाही सरळ अरे-तुरे. मला ते आवडतं.

तिनं उंबराखाली नेलं. चपला वरच काढायला लावल्या. दगड रचलेला हातभर खड्डा, कडेला करंगळीएवढी धार. पाणी वाळक्या भोपळ्याच्या वाटीनं हंड्यात घ्यायचं, हंडा आत बुडवायचा नाही. उंबर तोडायचा नाही, वरच्या अंगाला खोदायचं नाही.

आधी वाटलं, देवाधर्माचं प्रकरण आहे. मग धारेवरचा खडक चाचपला. वर झिजलेला, भोकाभोकांचा काळा दगड. खाली ठणठणीत पाषाण. त्या पाषाणावर अडलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडत होतं. आमचं बोअर तो पाषाण फोडून आरपार गेलं असतं. केसिंगचा पाइप फक्त मुरमापुरता, त्याखाली भोक उघडंच. वरचं पाणी त्यातून खोल उतरलं असतं आणि झरा आटला असता. वीस वर्षं भूजल शिकलेल्या माणसानं हे खुंटी ठोकण्याआधी बघायला हवं होतं.

गंमत म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको, हे 1993 च्या भूजल कायद्यातच आलं होतं. आजीचंच म्हणणं, फक्त मीटरमध्ये मोजलेलं. पण त्यासाठी स्रोत कागदावर हवा. माझ्या फॉर्मात रकाने दोनच: विहीर आणि विंधन विहीर.

पॉइंट नाल्यापलीकडे हलवला. जागा बदलल्याचं कारण म्हणून आम्ही सवयीनं 'स्थानिकांचा विरोध' लिहितो. या वेळी लिहिलं, 'वरच्या थरातला झरा बाधित होईल.'

वरिष्ठांनी विचारलं, "झऱ्याची नोंद कुठाय?"

वाटलं, ही नोंद पाड्याच्याच ग्रामसभेनं करावी. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या, 2014 च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. त्या अर्जाचा कागद घेऊन परत मोखाड्याची एसटी धरली.