तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नाची नोंद पुण्यात पुन्हा का केली नाही?

"पुण्यात एकदा परत नोंदणी करून टाकली असतीत, तर तुझं नाव बदलायचं काम कधीच मार्गी लागलं असतं." हे मला नणंदेनं ऐकवलंय, ऑफिसातल्या मैत्रिणींनी ऐकवलंय, सोसायटीच्या सेक्रेटरींनीही. हेतू सगळ्यांचा चांगलाच. पण मी उत्तर द्यायला लागले की अर्ध्यात विषय बदलतो आणि मी हट्टी ठरते. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

माझं लग्न झालेलं आहे. बेळगावात, शहापुरातल्या मंगल कार्यालयात, सप्तपदी होऊन. तिथल्याच उपनिबंधक कार्यालयात हिंदू विवाह कायद्याखाली त्याची नोंद आहे. हा १९५५ चा कायदा संसदेनं केलेला. तो कर्नाटकाचाही नाही आणि महाराष्ट्राचाही नाही. राज्यं फक्त नोंदणीचे नियम करतात. संविधानाचा अनुच्छेद २६१ तर सरळच सांगतो की कुठल्याही राज्याच्या सरकारी दप्तरातली नोंद देशभर ग्राह्य धरायची. मग मी पुन्हा काय करायचं? झालेलं लग्न?

नाव बदललं नसतं तर ही वेळच आली नसती, असंही म्हणतात. खरं आहे. कायद्याची तशी सक्ती नाही. कॉलेजात असताना आडनाव कधीच बदलणार नाही म्हणून वाद घालणारी मुलगी मीच होते, आणि पुढे नवऱ्याचं आडनाव आपखुशीनं लावणारीही मीच. सासरच्या कुणी शब्दानं सुचवलं नव्हतं. मला ते लावावंसं वाटलं. त्या कॉलेजातल्या मुलीचे मुद्दे मला आजही खोडता येत नाहीत. पण माझ्या नावाचा निर्णय माझा, हे तिचंच म्हणणं होतं, आणि मी निर्णय घेतला.

त्यात आमच्याकडच्या कागदांची तऱ्हा वेगळी. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढंच; वडिलांचं नाव निराळ्या ओळीत. इथला प्रत्येक अर्ज मधलं नाव मागतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, पॅन त्याच्याशी जुळावं लागतं, म्हणजे करून बघू म्हणायची सोय नाही. कुणी म्हणालं, राजपत्रात छापून आणा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव छापून आणलं. पण राजपत्र नावापुरतं. लग्नाच्या पुराव्याचा रकाना आला की पुन्हा तेच बेळगावचं प्रमाणपत्र, आणि पुन्हा तेच प्रश्न.

एका दिवसाबद्दल मात्र नीट सांगायला हवं.

त्या दिवशी अप्पा, माझे वडील, माझ्याबरोबर होते. नोंदणीच्या वेळी साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली होती, त्यामुळे आपण समोर उभे राहिलो तर काम होईल असं त्यांना वाटत होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. खिडकीतला मुलगा तरुण होता, बोलायला अदबशीर. कन्नडमध्ये भरलेलं प्रमाणपत्र बघून म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला वाचता येत नाही." मी नोटरी केलेलं मराठी भाषांतर पुढे केलं. मग त्यानं पासपोर्ट लावून पाहिला. जन्मठिकाण बेळगाव, प्रमाणपत्रात बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, हे मी सांगितलं. तो कागद घेऊन आत गेला, परत आला आणि म्हणाला, "साहेब म्हणतात, बाहेरच्या राज्यातलं लग्न आहे. इथलं प्रमाणपत्र आणा."

अप्पा तोपर्यंत गप्प होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेला हा माणूस. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा, बेळगाव-कारवार-निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणारा. ते खिडकीशी आले.

"साहेब, ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं की. आणि तुमचं सरकार २००४ पासून सुप्रीम कोर्टात काय सांगतंय? आमचं गाव तुमचंच म्हणून सांगतंय नव्हं?"

"काका, तुमचं सगळं खरं. पण मला वर दाखवावं लागतं."

रांगेतल्या एका बाईंनी कौतुकानं म्हटलं, "कर्नाटकातले असून मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या बाईंचा मला राग आला नाही, आणि हे सांगितल्यावर माझ्या भावाला माझाच राग आला.

जिन्यात एजंटनं गाठलं. लग्नाचे फोटो द्या, पत्रिका नव्यानं छापू, ठिकाण इथलंच एखादं देऊळ दाखवू, तारीख अलीकडची टाकू, साक्षीदार आमच्याकडे असतात. पैसेही फार सांगितले नाहीत. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कन्यादान कुणी केलं म्हणून लिहायचं?"

तो म्हणाला, "ते कुणी विचारत नाही काका."

तुम्ही ज्याला "नोंदणी करून टाकणं" म्हणता, ते मला वेळोवेळी ज्यांनी सुचवलं, त्यांनी हे असंच सुचवलं. खोट्या जागेवर, खोट्या तारखेवर प्रतिज्ञेवर सही. तो गुन्हा आहे, हे एक. दुसरं, ती तारीख धरली असती तर आमचं लग्न मुलाच्या जन्मानंतर झालं असतं. आणि उद्या बेळगावला नाडकचेरीत, म्हणजे तिथल्या महसूल कार्यालयात, वंशावळीचा दाखला काढायची वेळ आली, तर मी कुठल्या तारखेची विवाहित मुलगी म्हणून उभी राहू? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं दिला. तो मागताना हातात एकमेकांशी न जुळणारी दोन प्रमाणपत्रं असणं मला परवडणारं नाही.

एका वकिलांनी मात्र खरा रस्ता सांगितला होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेल्या लग्नाची नोंद करता येते. नोटीस लागते, हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं. त्यात खोटं काही नाही. तो मी का घेतला नाही, याचं माझं उत्तर तितकं पक्कं नाही. ज्या लग्नाची नोंद आहे त्यावर कुणाची हरकत आहे का, हे मी पुन्हा का विचारायचं, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, हा तत्त्वाचा प्रश्न नाही, तू दुखावली गेली आहेस. असेनही. त्याच्या किती रजा यात गेल्या ते मला माहीत आहे, आणि त्याचं मत त्यानं बदललेलं नाही.

पासपोर्टवर नवं नाव याच बेळगावच्या प्रमाणपत्रावर आलं. पॅनवरही. एका बँकेचं खातं अजून माहेरच्या नावावर आहे. तिथला अधिकारी बदलला की नियमही बदलतो. नव्या साहेबांकडे मी भाषांतर आणि अनुच्छेद २६१ ची छापील प्रत घेऊन जाणार आहे. त्यांनी नाही म्हटलं तर नकार लेखी मागणार आहे. तुमच्या ओळखीचा एजंट असेल तर त्याचा नंबर कृपा करून मला पाठवू नका.